ब्रेकवरचा पाय

११ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. बाबांच्या गाडीत दोष नाही. काल ग्राहक तक्रार मंचाच्या तपासनिसांनी स्वतः फोन करून मला हे सांगितलं. लेखी निकाल येईल तेव्हा येईल, तुमच्या ऑफिसातही त्याची प्रत पोचेल. ब्रेकची पॅड वेळेआधी झिजली ती ब्रेकवर सतत पाय राहिल्यामुळे. म्हणजे हमीचा दावा नाकारताना तू जे कारण दिलं होतंस, 'चालकाची सवय', तेच बरोबर निघालं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. वाचताना तुला माझा आवाज ऐकू येणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तुझं कसं चाललंय? खोलीवर पाणी नीट येतं का आता? माझ्या कचेरीत रंगकाम चालू आहे. आम्ही सगळे एकाच टेबलाभोवती बसतो, कुणालाच काम करता येत नाही, आणि त्यामुळे सगळे खुशीत आहेत. बाबा बरे आहेत. सध्या डोंगरावरचं घर सोडून खाली माझ्याकडेच राहतात. सकाळी उठून माझे नळ, बिजागऱ्या, कडीकोयंडे तपासतात आणि न विचारता दुरुस्त करतात.

ते खाली का राहतात, ते लिहिते. थोडं क्रमानं लिहू दे मला.

आपलं फोनवर भांडण झालं त्यानंतर तू माझा फोन घेतला नाहीस. मीही नंतर केला नाही. तू म्हणाला होतास, "ताई, पॅड खोटं बोलत नाहीत. मागची-पुढची सगळी सारखी घासली गेलीत, डिस्क तापून निळी पडलीय. बाबांचा पाय ब्रेकवरून हलतच नाही." आणि मी म्हणाले होते, ज्या माणसानं तुला आणि वरच्या मोबाइल टॉवरवर कामाला येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला उतारावर ब्रेकवरून पाय काढायला शिकवलं, त्याला तू कागदावर शिकाऊ ठरवतोस? तू म्हणालास, "वडील आहेत म्हणून दावा पास करू का?" मी म्हणाले, नको, अनोळखी समज, पण आंधळा होऊ नकोस. मग तू फोन ठेवलास. की मी ठेवला, आता आठवत नाही.

मंचाकडे मीच गेले. बाबा पहिल्यापासून "राहू दे गं" म्हणत होते. मला वाटलं, पोराविरुद्ध जायला नको म्हणून म्हणतात. खरं म्हणजे तुझा नकार आला तेव्हा त्यांचा चेहरा पडायला हवा होता, तर ते कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचत बसले आणि म्हणाले, "नुसत्या पॅडवरून पायाचं ओळखलं बघ यानं." मला तेव्हा रागच आला. अपमान झालाय आणि हे कौतुक काय करतात!

मागच्या गुरुवारी तपासनीस आले. पन्नाशीचे, गळ्यात चष्मा, बोलणं कमी. त्यांना गाडी आपल्याच रस्त्यावर, बाबांच्याच हाताखाली बघायची होती. तक्रार माझ्या नावानं, म्हणून मीही गेले. वर घरी जाताना मधेच तो घळीचा उतार येतो ना, जिथे तू पहिल्यांदा गाडी बंद पाडली होतीस, तिथे बाबांनी लो गिअर टाकला आणि पाय काढून चक्क मांडीवर हात मारून दाखवला, बघा, पाय मोकळा. गाडी एकेका दगडावरून आपली आपण उतरली. हिसके बसत होते, पण इंच इकडेतिकडे नाही.

तपासनीस म्हणाले, "काका, असं चालवता तर ही पॅड झिजायचं कारणच नाही. मग गाडीतच काहीतरी आहे."

मी मागच्या सीटवर मनातल्या मनात तुला काय काय ऐकवलं, ते आता लिहीत नाही.

बाबा म्हणाले, "उतरताना बघा. घरून हिच्या आईला घेऊन उतरायचंय."

"काकूंना कशाला त्रास?"

"तिला खाली जायचंच आहे आज."

आई तयार होऊन घराच्या पायरीवर बसली होती. मी तिला महिना-दीड महिना पाहिलं नव्हतं. रविवारी वर यायचं म्हटलं की तीच सांगायची, रस्ता खराब झालाय, आम्हीच खाली येतो बाजाराला. आणि आले की कधी "घाईत होतो" तर कधी "तू कामावर होतीस" म्हणून न भेटता परत जायचे. कंबर धरलीय, एवढंच मला माहीत होतं. धाकट्या, तिची साडी तिला मोठी झाली होती.

बाबांनी तिला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. हो, उचलून. पाठीमागे दोन उशा होत्या, त्या कशा बसवायच्या ते दोघांना न बोलताही जमत होतं. मी म्हणाले, "आई, हे काय?" ती म्हणाली, "महाराणीचा थाट. बस मुकाट्यानं."

आणि मग बाबांनी लो गिअर टाकलाच नाही. साधा गिअर, आणि पाय ब्रेकवर. अख्खा उतार. दाबत नव्हते, नुसता टेकवून, जरा कमी, जरा जास्त, जसं आपण झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवतो. गाडी दगडावरून उतरत नव्हती, वाहत होती. तरी एखाद्या खळग्याला आईचे डोळे मिटायचे आणि हात बाबांच्या दंडावर जायचा. तो हात आला की बाबा आणखी हळू करायचे. अर्ध्या वाटेत ब्रेकचा जळका वास यायला लागला. तपासनिसांनी काच खाली केली.

आई म्हणाली, "साहेब, घरात स्वयंपाक मी करते, पण करपवायचं काम यांच्याकडे आहे."

ते हसले. मीही हसले. बाबा समोर बघत राहिले.

खाली आल्यावर गाडी बाजाराकडे वळली नाही. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या दाराशी थांबली. तिथला वॉर्डबॉय खुर्ची घेऊन धावतच आला आणि आईला म्हणाला, "आज उशीर केलात, आजी." तो तिला ओळखत होता. तिला कुठल्या मजल्यावर न्यायचं, तेही त्याला विचारावं लागलं नाही.

बाबा गाडीजवळ उभे राहून रुमालानं हात पुसत होते. मला म्हणाले, "मणक्यात पसरलंय." जसं काही गिअरबॉक्समधून तेल गळतंय. मग म्हणाले, "लो गिअरला गाडी दर दगडाला हिसका देते. गाडीला चालतं ते. हिला नाही चालत."

पावसाळा संपल्यापासून दर आठवड्याला ते तिला असं खाली आणत होते. तिनंच शपथ घातली होती त्यांना. तुझी नोकरी नवी, माझी बढती अडकलेली, पोरांना इतक्यात सांगायचं नाही. म्हणून ते "राहू दे गं" म्हणत होते. मला नंतर म्हणाले, "पोरगा पॅडपर्यंत पोचला होता. आणखी थोडं खोलात गेला असता तर कळलंच असतं त्याला. मला तीच धास्ती होती."

तपासनीस सगळं ऐकत होते. चाकांजवळ वाकले, डिस्क पाहिली, उठले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "काका, गाडीत दोष नाही असंच मला लिहावं लागेल. पण पाय का ठेवत होता, ते कारण लिहू का?"

"नको," बाबा म्हणाले. "सवय लिहा."

त्या दिवशी डॉक्टरांनी आईला ठेवूनच घेतलं. तेव्हापासून ती तिथे आहे, म्हणून बाबा माझ्याकडे. मी सकाळ-संध्याकाळ जाते. तिला खाणं जात नाही. जीभ मात्र शाबूत आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना तिनं सांगून ठेवलंय की माझा मुलगा गाड्यांच्या कंपनीत मोठा साहेब आहे, बापाचंसुद्धा ऐकत नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नाही. त्या बाई मला म्हणाल्या, रोज सांगतात.

डॉक्टरांनी काल मला बाहेर बोलावलं. मी ते इथे शब्दाला शब्द लिहिणार नाही, मला लिहिता येत नाहीये. आता औषध फक्त दुखू नये म्हणून आहे. किती दिवस, असं विचारलं तर ते म्हणाले, तिला जिथे राहायचंय तिथे राहू द्या. तिनं बाबांना आधीच सांगितलं होतं, मला घरी न्या, वर. बाबांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी मागे गेले नाही.

तुला कळवायचं नाही, असं ती अजूनही म्हणते. आज सकाळी मी म्हटलं, आई, मी सांगणार. ती भिंतीकडे तोंड करून पडली. मग म्हणाली, "फोन नको करू. तो तसाच गाडी काढून निघेल, न खाता न पिता. पत्र टाक. पत्र माणूस बसून वाचतो." म्हणून हे पत्र. कुरियरवाला उद्या पोचेल म्हणालाय. बसला आहेस ना?

बरोबर कोण, चूक कोण, ते आता माझ्याकडे काही शिल्लक नाही. तुझं काम तू नीट केलंस, हे बाबांना पटलेलं आहे. माझ्यावर रागवायचं असेल तर सावकाश रागव, मी इथेच आहे.

शुक्रवारी सकाळी तिला सोडणार आहेत. ऊन चढायच्या आत निघू, असं बाबा म्हणतात. मी मागे बसून तिची मान धरणार आहे. पण वर पोचल्यावर दारापासून खाटेपर्यंत तिला दोघांनी उचलावं लागेल, हल्ली एकट्याच्या हातात तिला दुखतं. टॉवरवरच्या एखाद्या पोराला बोलावून ठेवू का, असं मी काल बाबांना विचारलं. ते म्हणाले, "इतक्यात कुणाला सांगू नकोस. शुक्रवारपर्यंत बघू, कोण येतं ते."

वाट बघते आहे,
तुझी ताई