साठ मीटर तोकडा रस्ता

तीर्थरूप दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जितकं वाकता आलं तितकाच).

तुमचं पत्र येऊन दीड महिना झाला आणि मी उत्तर लिहिलं नाही म्हणून अक्का रागावली असेल. तिला सांगा, भाऊ जिवंत आहे, फक्त समाजकार्यात सापडला आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय असं तुम्ही लिहिलंत. ते डॉक्टर शहरातले, त्यांना चालायला रस्ते असतात, ते सांगणारच. तुमचा कोट तयार आहे. पाठीत अर्धा इंच जास्त सोडलाय, कारण हेडक्लार्कची खुर्ची सुटली की पाठ पसरते, हे मी गेली तीस वर्षं टेप लावून पाहत आलोय. इकडे सर्व क्षेम. धाकटी लेक बाळंतपणाला आली आहे, नर्सबाईंनी पुढच्या महिन्याचा दुसरा आठवडा सांगितलाय. आमच्या मंडळींची तब्येत ठणठणीत आहे, जीभ तर विशेषच. आणि दुकानापुढे मी नवा ओटा बांधलाय, घडीव दगडांचा, तीन पायऱ्यांचा. तुम्ही आलात की संध्याकाळी त्याच्यावर ऐसपैस बसून गप्पा मारू. गावात सध्या बघण्यासारखी तेवढी एकच वस्तू आहे.

बाकी गावाबद्दल काय लिहू? तुम्ही अडतीस वर्षं बांधकाम खात्यात फायली सांभाळल्यात, तेव्हा तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही, पण मला अजून वाटतंय. मोठी सडक गावाच्या एका टोकाला आणि दवाखाना दुसऱ्या, हे तुम्हाला माहीतच आहे. मध्ये चिखल. दोन वर्षांपूर्वी सुताराच्या आईला छातीत दुखायला लागलं, तेव्हा शहरात न्यायचं म्हणून चौघांनी तिला दवाखान्यातून खाटेवर घालून सडकेपर्यंत न्यायला घेतलं. वाटेत दोघे घसरून पडले. म्हातारी वाचली ती खाटेवरून स्वतः उतरून चालत गेली म्हणून. त्यानंतर गाव खडबडून जागं झालं, सभा झाली, आणि दवाखान्यापर्यंत रस्ता पाहिजे असा ठराव एकमताने झाला. (एकमत झालेला आमच्या गावातला तो पहिला ठराव, आणि अर्थात शेवटचा.) यथावकाश रस्ता मंजूर झाला, आठशे मीटर. सडकेपासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत सरळ रेषेत अंतर भरतं तेही बरोबर आठशे. एक वीत इकडे नाही की तिकडे नाही.

आता दाजी, मी पडलो शिंपी. कापड बेताचं असलं की चुण्या घालायच्या नसतात, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. कमरेला चुण्या घातल्या की लांबीला मार बसतो आणि झगा गुडघ्यावर येतो. पण आमच्या पुढाऱ्यांना हे कोण सांगणार? मोजणीच्या दिवशी ओव्हरसियर टेप घेऊन आला. टेपचं दुसरं टोक धरायला विश्वासू माणूस पाहिजे म्हणून मला बोलावलं (गावात टेप सरळ धरता येणारा मी एकटाच). शंभर पावलं गेलो नाही तोच गावसमितीचे अध्यक्ष आडवे आले. त्यांचं म्हणणं, रस्ता जरा डावीकडून घ्या, म्हणजे आमच्या गोठ्यापाशी दुधाची गाडी लागेल. नऊ मीटर गेले. हे कळल्यावर माजी धावत आले. माजी म्हणजे माजी अध्यक्ष. हरून बारा वर्षं झाली, पण सगळे त्यांना माजीच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. आताच्या अध्यक्षांना नऊ, तर मला अकरा, असा त्यांचा हट्ट. त्यांच्या फाटकासमोरून वळसा घेऊन अकरा मीटर गेले. मग गिरणीवाला म्हणाला, दळण टाकायला सगळं गाव माझ्याकडे येतं, तेव्हा माझं वळण हे लोकहिताचं वळण. दहा. कोणालाही तोंड उघडून नाही म्हणवेना. ओव्हरसियर तर मानेनेच हो म्हणायचा, त्याच्या मानेला दुसरी दिशा माहीत नव्हती. एकूण तीस मीटर असे गेले, आणि उरलेले तीस जमिनीच्या उंचसखलपणात गेले असावेत (भूगोलाला आपण काय करणार?).

व्हायचं तेच झालं. आठशे मीटर रस्ता झाला आणि दवाखाना साठ मीटर पुढे राहिला. समोर दिसतो, हाक मारली तर नर्सबाई ओ देतात, पण मध्ये पोटरीभर दलदल. खडी संपली तिथे ठेकेदाराने एक पिंप ठेवून त्याला लाल फडकं बांधलं आणि यंत्र घेऊन तो निघून गेला. यावर कोणी शरमेने मान खाली घालेल तर शपथ. उलट उद्घाटन ठरलं. शहरातून मोठे पाहुणे आले. फीत होती, कात्री विसरली होती, म्हणून माझी कापडाची कात्री नेली (नायलॉनची फीत कापून तिची धार घालवली, अजून गुरगुरत चालते). पाटीवर लिहिलं होतं, ‘सडक ते दवाखाना रस्ता’. पाहुण्यांनी विचारलं, दवाखाना कुठाय? अध्यक्षांनी बोटाने दाखवला. पाहुणे बिचारे भाबडे, दोन पावलं पुढे गेले. एक बूट परत आला, दुसरा अजून तिथेच आहे.

यातली हसण्यासारखी बाब इथे संपते. नर्सबाईंनी दुसऱ्या दिवशी दारावर कागद लावला, की दवाखान्याच्या दाराशी गाडी लागत नाही तोवर मी इथे बाळंतपण करणार नाही, काही कमीजास्त झालं तर बाईला शहरात कशी पोचवू? त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. तो कागद वाचून आल्यापासून धाकटी गप्प असते आणि तिची आई अजिबात गप्प नसते.

मग आम्ही जबाबदार पुरुषांनी कृती समिती काढली. अक्षर चांगलं म्हणून मी चिटणीस. (अध्यक्ष, माजी आणि गिरणीवाला हे तिघेही सभासद, कारण त्यांना वगळलं तर बसायला सतरंजी कोण देणार?) अकरा अर्ज केले. एकाला उत्तर आलं, ते तुमच्यासाठी उतरवून देतो, तुम्हाला जुन्या दिवसांची आठवण येईल: ‘मंजूर लांबीइतके काम पूर्ण झाले असल्याने सदर रस्ता अपूर्ण असल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही.’ मग आम्ही रास्ता रोको केला. भर रस्त्यात सकाळी आठला सतरंजी टाकून बसलो. दुपारपर्यंत एक वाहन येईल तर! जो रस्ता कुठेच जात नाही त्याच्यावर येणार कोण? शेवटी बाराला गिरणीवाल्याचीच हातगाडी आली. तो सभासद असल्यामुळे तिला जाऊ दिलं आणि आम्ही जेवायला उठलो. दरम्यान पुढच्या वर्षाचा निधी आला. आता तरी साठ मीटर होतील म्हणावं, तर अध्यक्षांनी गावाच्या तोंडाशी स्वागताची कमान मांडली आणि माजींनी स्वतःच्या फाटकापासून दिव्यांची रांग मांडली. दोन तास कडाक्याचं भांडण होऊन तडजोड झाली, की दिवे लावलेली कमान करावी.

ही बातमी मी घरी सांगितली आणि फार मोठी चूक केली. आमच्या मंडळींनी हातातलं काजाचं काम खाली ठेवून विचारलं, किती कमी पडतोय रस्ता? म्हटलं, साठ मीटर. “मग त्याला कागद कशाला लागतात? दगड लागतात!” दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या चाळीस बायका टोपल्या घेऊन दलदलीत उतरल्या. त्या दिवसापासून मला जेवण थंड मिळतंय. दलदल दगड गिळायची, या पुन्हा टाकायच्या. आम्ही कृती समितीची तातडीची बैठक घेऊन त्यांच्या अभिनंदनाचा ठराव केला. अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन आले आणि डोक्यावर टोपली घेऊन उभे राहिले, रिकामी. सुताराच्या आईने (तीच ती, खाटेवरची) मागून येऊन तिच्यात दोन धोंडे ठेवले. फोटो आला आहे, पण त्यात अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा नसल्यामुळे तो छापला नाही.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी कौतुकच केलं असतं. पण गेल्या आठवड्यात या सगळ्या गावसभेला आल्या. आमच्या सभेला बायका येत नाहीत, त्यामुळे बसायला जागा नव्हती, तर त्या उभ्या राहिल्या, आणि उभ्या माणसांचे हात मोजायला सोपे जातात. मतांत कमान पडली. तो निधी साठ मीटरच्या डांबराला द्यायचा असं ठरलं. वर आणखी एक अजब कायदा केला, की ज्याच्या दारासाठी रस्त्याने जितके मीटर वळण घेतलं, तितक्या मीटरचे दगड त्याने द्यायचे. अध्यक्षांच्या गोठ्याची फरशी निघाली. माजींच्या फाटकाचे दोन्ही खांब गेले, आता त्यांचं नुसतं फाटक उभं आहे, बाजूने कोणीही जातं. पन्नास मीटर भरून झालेत, शेवटचे दहा फार खोल आहेत. हे लिहितोय तर बाहेर पहारींचा दणदणाट चाललाय. आज गिरणीवाल्याची भिंत काढतायत वाटतं. शाब्बास! समाजाचं ओरबाडणाऱ्याला असंच उघडं पाडलं पाहिजे. दारात येऊन बघणार होतो, पण कंबर उठू देत नाही आणि पत्र पुरं करायचंय.

थोडक्यात, दाजी, या गावात स्वार्थाचा नुसता बाजार आहे. सगळ्यांना रस्ता हवा, पण आपल्या दारावरून. अशा लोकांत राहून मी माझी रेघ सरळ ठेवली, हे तुम्हाला आणि अक्काला अभिमान वाटेल असंच आहे. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. धाकटीला पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे पाठवावं म्हणतो. शहरात हॉस्पिटल जवळ, अक्का हाताशी. पोरीची इच्छा आईजवळ राहण्याची आहे, रात्री उशी ओली करते. पण शेवटच्या दहा मीटरचा भरवसा नाही आणि मला पोरीचा जीव टांगणीला लावायचा नाही. हे मनापासून लिहितोय. अक्काला मात्र कारण सविस्तर सांगू नका.

ता. क. २. एक किरकोळ काम. बायकांना उंचसखलपणाचे तीस मीटर काही पटलेले नाहीत आणि त्यांनी खात्याकडे मोजमाप पुस्तकाची प्रत मागितली आहे. त्यात पान सतरावर ओव्हरसियरने ‘शिंप्याच्या दुकानाकडील वळण, दुकानदाराच्या विनंतीवरून, ३० मी.’ अशी नोंद केली आहे. विनंती वगैरे काही नव्हती, मी त्याच्या पँटीचं माप घेता घेता सहज बोललो होतो. (पँट त्याला भेट दिली. देऊ नये का?) टेपचं टोक माझ्याच हातात होतं, ते जरा माझ्या बाजूला कललं. माझ्या दुकानावर कोणी येत नव्हतं, दाजी, रेडीमेडने पोट मारलं. हे तिथे सरळ म्हणायला पाहिजे होतं, म्हटलं नाही. तरी तुमच्या जुन्या ओळखीने ते पान कुठे गहाळ होत असेल तर बघा. गहाळ करणं तुमच्या खात्याला जड नाही.

ता. क. ३. हे पत्र वाचून फाडा. टपालात टाकायला मंडळींकडे देतोय, पण पाकीट डिंकाने नीट चिकटवलं आहे.

दाजींना माझाही नमस्कार. डिंक ओला होता. पान सतरा राहू द्या, ते कोणाला लागत नाही. ओव्हरसियरच्या पँटीची काजं-बटणं मीच केली होती, तेव्हाच समजलं होतं. तीस मीटरचे दगड यांच्याकडे निघत होते, ते आज घेऊन शेवटचे दहा मीटर भरले. पहारींचा आवाज गिरणीवाल्याकडचा नव्हता. संध्याकाळी नर्सबाईंनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावून वरून फिरवली, दारापर्यंत गेली, चाक रुतलं नाही. त्यांनी दारावरचा कागद काढला. धाकटी इथेच राहील. वन्सं येणार असतील तर पुढच्या महिन्यात या, कोटही घेऊन जा. बसायला मात्र घरातली खुर्ची बाहेर काढावी लागेल, कारण ओटा आता दवाखान्याच्या दारात आहे आणि हे तिथे बसायला जायला लाजतात.