कॉम्प्युटरचं झबलं

डिंडोली, रविवार संध्याकाळ

दिवसभर जाम वैतागले होते, आणि आता हसू आवरत नाहीये. कालच्या अपडेटनंतर कॉम्प्युटर सुरूच होईना, आणि उद्या शेठला द्यायची साडीची डिझाइन त्यातच अडकलेली. सिस्टम रिस्टोर लावलं की अर्ध्यावर यायचं आणि मशीन आपोआप बंद. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. हार्ड डिस्क गेली की काय? रडायचीच बाकी होते.

तेवढ्यात सीपीयूवर हात टेकला, तर तव्यासारखा तापलेला! सासूबाईंनी शिवलेलं झबलं त्याच्या अंगावर तसंच. शेजारच्या लूमवरच्या धाग्यांचं तूस उडतं म्हणून साडीच्या कटपीसचं शिवलंय, पंख्याची जाळीसुद्धा झाकलेली. आणि रोज कौतुकानं घालते कोण? मीच की! झबलं काढलं, टेबलफॅन लावला, रिस्टोर एका दमात पूर्ण. डिझाइन शाबूत.

सासूबाईंना कारण सांगितलं तर त्या झबलं घेऊन आत गेल्या. वाईट वाटलं का त्यांना? पण मग आतून कात्रीचा आवाज आला. झबल्याला मागून खिडकी कापली, तिला मच्छरदाणीची जाळी, भोवती जरीची लेस.

कॉम्प्युटरला ते घालून म्हणाल्या, "आते लागी ना त्याले वारा?"

लेस लगेच ओळखली. माझ्या पहिल्या डिझाइनच्या साडीची. इतकी वर्षं त्यांनी ट्रंकेत जपलेली, आणि लावली कुठे!