डाव्या कोपऱ्यातली म्हातारी

द्राक्षतोडणीचा महिना, शुद्ध पंचमी

लिही, ख्रिसिस. अक्षर बारीक काढ, फुटक्या मडक्याची ही खापरी पुरली पाहिजे. मला लिहिता येत नाही, बोलता येतं — गावाने ते जन्मभर भोगलंय. नातीला अक्षर येतं, कारण देवळाच्या दगडांवर जोडणीच्या खुणा करायला बापाने तिला शिकवलं.

तर आज झऱ्यावर क्लेइनोने सगळ्या बायकांसमोर विचारलं, "फिलिन्ना, या वयात देवळावर कशी गं चढलीस?"

माझ्या लेकाने, तेलेक्लेसने घडवलेल्या मूर्ती परवाच वर चढल्या, छपराखालच्या त्रिकोणात. मधे देवी आर्टेमिस. दोन्ही बाजूंना लग्नात धुडगूस घालणारे घोडमानव. आणि डाव्या टोकाला, छप्पर उतरत येतं त्या चिंचोळ्या जागेत, कोपरावर रेललेली नवरीची म्हातारी दाई. तिचं तोंड म्हणे माझं!

जाऊन पाहिलं. खालून नाक तेवढं दिसतं. नाक माझंच.

षष्ठी

गंमत संपली. देवळाच्या कामावरचा मुख्य पंच निकोबूलोस म्हणतो, जिवंत माणसाचा चेहरा देवीच्या घरावर कोरणं हे पाप. शिक्षा हद्दपारी. पौर्णिमेला पंच येऊन बघणार.

तेलेक्लेस जेवला नाही. मी म्हटलं, "अख्ख्या गावात तुला आईचंच तोंड सापडलं?" भाकरीकडे बघत म्हणाला, "आई, ती नुसती एक म्हातारी आहे." कान लाल झालेले. लहानपणापासून खोटं बोलला की होतात.

थ्राट्टा कोपऱ्यात सातू दळत होती. आमची दासी. माझं दूध आटलं तेव्हा तिच्याच दुधावर हा वाढला. तिला म्हटलं, तू तरी वर जाऊन बघ, मीच आहे का ते. डोक्याचं फडकं भुवयांवर ओढून म्हणाली, "माझे गुडघे टेकडी चढत नाहीत, बाईसाहेब."

काल शेळीमागे तीच टेकडी चढली होती. आळशी!

सप्तमी

तो हातोडी घेऊन निघाला होता, दाईचं नाक उडवायला. दारात आडवी झाले. उडवलंस म्हणजे कबूल केलंस, बाबा.

दशमी

झोप नाही. साठीला आलेल्या आईला सोडून मुलगा परमुलखात जाणार, आणि कशामुळे? माझ्या नाकामुळे.

पण एक सुचलंय. आज क्लेइनोला बाजूला घेऊन सांगितलं, "तोंड माझं नाही गं, तुझं आहे. तेलेक्लेस म्हणतो, असा रेखीव चेहरा दुसरा नाही. कुणाला सांगू नकोस, शपथ." मग हेच मेलित्ताला. मग लंगड्या निक्कोला. मग तिच्या सासूला, जिला ऐकूही येत नाही — तिच्या कानात ओरडून सांगितलं.

द्वादशी

झऱ्यावर मारामारी. एक घागर फुटली. छान चाललंय.

पौर्णिमा

पंच पायथ्याशी उभे. मागे गावातल्या यच्चयावत म्हाताऱ्या, सणाची वस्त्रं नेसून, मान वर करून, नाक दिसेल असं तोंड एका बाजूला वळवून. तेलेक्लेस हात मागे बांधून उभा.

निकोबूलोसने मला पुढे बोलावलं. काही बोलायच्या आत क्लेइनो म्हणाली, "तिचं कसं असेल? हनुवटी बघा ना, माझी आहे." मग मेलित्ता. मग सगळ्याच. निकोबूलोसची स्वतःची आई काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, "गप्प बसा गं. तोंड माझं आहे. विचारा माझ्या लेकाला."

लेक वर बघेना, खाली बघेना. शेवटी निकाल दिला: हा कुणाचाच चेहरा नाही, हा म्हातारपणाचा चेहरा आहे.

तेलेक्लेस घरी येऊन आधी जात्याशी गेला, थ्राट्टाच्या शेजारी मटकन बसला. मी म्हटलं, दमलाय.

आणि खापरीलाच सांगते — भीती गेली तशी मी सुखावले. एवढ्या मोठ्या देवळावर लेकाने आईला बसवलं! गावाला कळू द्यायचं नाही, पण मला माहीत आहे ना.

वद्य तृतीया

रंगारी वर चालले होते, दाईचे केस रंगवायला. हट्ट धरला, मलाही न्या. दगड चढवायच्या दोराला टोपली बांधून वर ओढलं मला.

तिच्या फडक्याखालची डावी भुवई खालून दिसत नाही. तिच्यावर आडवा व्रण कोरलाय. रांगता तेलेक्लेस बापाची छिन्नी फेकून बसला होता, तेव्हाचा तो घाव.

मला नव्हता लागला. थ्राट्टाला लागला होता.

दासीचं तोंड देवीच्या घरावर! हे कळलं तर नुसत्या हद्दपारीवर भागायचं नाही.

रंगाऱ्याला म्हटलं, भुवई जाड काढ.

खाली आले. घरी थ्राट्टा दळत होती. तिच्यासमोर बसले, जात्याचा खुंटा दुसऱ्या बाजूने धरला. सातू संपेपर्यंत दोघींनी दळलं.

ख्रिसिस, या खापऱ्या विहिरीत टाक. उद्या झऱ्यावर जाऊन सगळ्यांशी भांडायचंय मला — ते तोंड माझंच आहे म्हणून.