धाकट्या जावेचं क्षयमुक्त गाव

४ मार्च
जिंतूरला मीटिंग. डॉ.नी आम्हा सगळ्या आशा सेविकांसमोर सुनंदाचं नाव घेतलं. माझी धाकटी जाऊ. तिचं गाव क्षयमुक्त जाहीर होणार. सत्कार, साडी, फोटो. मला मात्र, "तुमच्या गावात टीबीचे पेशंट वाढतायत कसे?" तरी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या मी. जळफळाट झाला नुसता.

५ मार्च
वाढतायत कसे म्हणे! कोरोनाआधी वर्षाला दोन-चार सापडायचे. कोरोनात एकही नाही. टीबी कुठं गेला नव्हता, लोकच उशीत तोंड खुपसून खोकायचे, उचलून नेतील या भीतीनं. आता मी दारोदार बेडका तपासायच्या डब्या वाटते, म्हणून निघतायत. शोधणारीचं गाव रोगट, न शोधणारीचं चकचकीत.
सु.चा फोन. "आक्का, तुमी कशाला एवढं उकरून काढायलाव? मग असंच व्हणार की." गोड बोलून मीठ चोळते.

९ मार्च
सासूबाई सु.कडून आल्या राहायला. निम्म्या झाल्यात. जेवताना खोकला लागला तो थांबेना, अंगात बारीक ताप. हे म्हणतात, हवा बदलली.
डबी दिली होती का, विचारलं.
"दिली की माय. सुनंदानंच घेतली. दुपारी, च्या पेल्यावर. थुकले अन् दिली."
नुसती थुंकी! सकाळी उठल्या उठल्या छातीतून काढलेला बेडका लागतो, हे पहिल्याच ट्रेनिंगला सांगतात. अख्ख्या गावाची थुंकीच तपासली असणार हिनं.
मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? सासू खोकत होती आणि मी मनात सु.च्या सत्काराचा मांडव उतरवत होते.

१० मार्च
सकाळी चूळ भरायला लावून अंगणात बसवलं. "आत्या, पोटातून खोका." घट्ट, पिवळा निघाला. डबी स्वतः एसटीनं दवाखान्यात नेऊन दिली. एवढी घाई कशाची होती मला? त्यांच्या औषधाची, की...

११ मार्च
ह्यांच्या पोटात काही राहत नाही. सु.ला सांगून बसले. तिचा फोन, रडत. "आक्का, सत्कार परवा हाय. रिपोर्ट आला तं तेवढं दाबा. पाया पडते तुमच्या."
मी तापले. म्हटलं, तुझी लेकरं आत्यांच्या कुशीत झोपतात ना गं?
ती हळूच, "बारकी खोकायलीय."

१२ मार्च
सकाळच्या गाडीनं सु. दारात, बारकी कडेवर. पोरीचा चेहरा उतरलेला. सत्काराचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. "डॉक्टरकडं तुमी चला संगं, आक्का. मला भेव वाटायलंय." उद्या सत्काराच्या आधीच नेते.
आत्यांचा रिपोर्ट अजून नाही. निगेटिव्ह आला तर साडी सु.ची, फोटो सु.चा, आणि मी पुन्हा टाळ्या वाजवणार. तरी निगेटिव्हच यावा असं वाटतंय.
म्हणजे, जवळजवळ मनापासून.