खातेगांवच्या ट्रकात ओतलेला डबा

मामा,

आज सोमवार, १८ फेब्रुवारी १९५७, दुपारचे पावणेतीन. देवासच्या माझ्या शेडमध्ये नव्याने बांधलेले एका ट्रकाचे इंजिन पहिल्यांदा सुरू करून मी आवाज ऐकत बसलो होतो. ड्रायव्हर पीपलरावां गावचा. त्याने सीटखालून ऑईलमध्ये घालायच्या औषधाचा डबा काढला आणि म्हणाला, "भिया, ये भी डाल दो. मक्खन चलेगा." मी नको म्हटले. मग तुमचेच सांगणे त्याला सांगितले, की नव्या रिंगा सिलिंडरला घासून घासून आपली जागा करतात, म्हणून पहिले पाचशे मैल साधे पातळ ऑईल घालून त्यांना घासू द्यायचे. आधीच सगळे गुळगुळीत केले तर त्या बसतच नाहीत. तो हसून म्हणाला, "किताब में पढ़ा क्या?" मी म्हटले, "नहीं. एक इंजन बिगाड़ा है." हे आजवर मी कोणापुढे बोललो नव्हतो. त्याने डबा परत सीटखाली ठेवला, आणि मी हात धुऊन हे लिहायला बसलो.

खातेगांवच्या शेटजींचा तो लष्करी लिलावातला ट्रक तुम्हांला आठवत असेल. धारला तुम्ही त्याचे इंजिन बांधलेत, तेव्हा शाळा सोडून तुमच्या हाताखाली येऊन मला दोन वर्षे झाली होती. सिलिंडर तुम्ही डोळे मिटून बोटाने तपासायचा. संस्थानच्या मोटारखान्यातल्या नोकरीपासूनची ती सवय. मी प्रत्येक बोल्ट दोनदा धुवायचो, तरी जिवाला स्वस्थता नसे. तुम्ही म्हणायचा, "अरे, इंजिन आहे ते, सोवळ्यातला देव नव्हे." ट्रक न्यायच्या दिवशी सकाळी तुम्ही चहाला आत गेलात आणि मी इंदूरहून आणलेला डबा उघडला. त्याबरोबरच्या कागदावर छापले होते की याने घिसाई थांबते. तुमचे 'घासू दे' मला कधी पटलेच नव्हते. इतक्या मेहनतीचे काम पहिल्याच दिवशी झिजू कसे द्यायचे? शिवाय छापलेले खोटे असेल असे मला तेव्हा वाटतच नसे. सगळा डबा ओतला आणि ऑईल घालायचे तोंड फडक्याने पुसून ठेवले.

दीड महिन्याने ट्रक परत येतो, मागे निळा धूर. उस्तादांनी इंजिन बांधले की चूल, असे शेटजी चार माणसांत विचारतात. तुम्ही इंजिन उघडता. सिलिंडर आरशासारखे चकचकीत. रिंगा कुठेच बसलेल्या नाहीत. तुम्ही बोट फिरवता, पुन्हा फिरवता, आणि माझ्याकडे न बघता विचारता, "ऑईलात काही घातलेस का रे?"

"नाही, मामा."

पुन्हा विचारले असते तर सांगितले असते, अशी मी बरीच वर्षे स्वतःची समजूत घातली. तुम्ही विचारले नाही. हा बोल्ट दोनदा धुणारा मुलगा आहे, असे उलट शेटजींना सांगितलेत, आणि बोट पुसत म्हणालात, "माझाच हात गेला." त्यानंतर सिलिंडरचे काम तुम्ही इंदूरला पाठवू लागलात. शेडमध्ये राहिले ते ब्रेक आणि चाकांवरच्या कमानी. जुने गिऱ्हाईक आग्रह करी, तेव्हा तुम्ही नुसता पंजा पुढे करून नाही म्हणायचा. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात.

मामी धारलाच आहेत. यंदा संक्रांतीला गेलो, तेव्हा त्या शेजारणीला सांगत होत्या, "ह्यांचा हात शेवटी गेला होता हो, पण भाच्याला घडवून गेले." मी तिळगूळ हातांत घेऊन तसाच उभा राहिलो.

तुमचा हात गेला नव्हता, मामा. ते काम चोख होते. तुम्हांला हे लिहिणे सोपे, तुम्ही उलट विचारणार नाही. ड्रायव्हरला सांगणेही सोपे, तो परका. सांगायला हवे ते मामींना. रविवारी माझी शेड बंद असते आणि धारची बस सकाळीच सुटते. संक्रांतीनंतरचे पाचही रविवार मी बस स्टँडपर्यंत जाऊन परत आलो आहे.