मंगळवारची कवयित्री

१० मार्च २०२०, बुइटनव्हेल्डर्ट

खालच्या मजल्यावर फुमिकोसानकडे मंगळवारचं वाचन. पुण्यात शिकलेलं माझं जपानी इथे या डच उपनगरात गंजत चाललं होतं, या एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईंनी ते पुन्हा चालतं केलं. सध्या एक दरबारी कवयित्री घेतलीय. हजार वर्षांपूर्वीची, राणीच्या सेवेतली. राजधानीत साथ आली, सगळे डोंगरात पळाले, ही आजारी राणीपाशी राहिली. आज पाच ओळींना दोन तास! माझं मराठी असं झालं—

अंगणात पाऊलखुणा
फक्त बाहेर जाणाऱ्या.
तरी दार
लावून घेववत नाही—
निदान वारा येईल.

"राहिली बघ ती," फुमिकोसान म्हणाल्या. डोळे नुसते चमकत होते.

१७ मार्च

कोरोनामुळे सगळं बंद. वाचन फोनवर. नवऱ्याला, कुशलला, दमा आहे, म्हणून मी खाली जायचं नाही असं ठरलंय. ठरलंय म्हणजे त्याने ठरवलंय.

२४ मार्च

फुमिकोसानना त्यांच्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं—आजारी पडलात तर हॉस्पिटलला जायचंय का? व्हेंटिलेटर हवा का?

"मी नको म्हणाले. तसं कागदावर लिहून टेबलावर ठेवलंय. तिच्यासारखी घरीच राहीन." आणि लगेच पुढची कविता! मला एक अक्षर दिसेना.

२८ मार्च

खालून खोकला ऐकू येतो.

२९ मार्च

त्यांच्या दाराशी वरणभाताचा डबा ठेवला. कालचा तसाच होता.

३१ मार्च

वाचनाच्या वेळेला फोन. नुसता श्वास. मग— "मी तिच्यासारखी नाही. मला भीती वाटतेय. मला घेऊन चल."

अॅम्ब्युलन्ससाठी ११२ला फोन केला. त्यांची किल्ली माझ्याकडे असते. कुशल दारात आडवा. "मृण्मयी, माझा तरी विचार कर!" त्याच्या हाताखालून निघाले. तोंडाला ओढणी गुंडाळून वीस मिनिटं फुमिकोसानचा हात धरून बसले. अॅम्ब्युलन्सवाल्याने टेबलावरचा कागद वाचला. यात तर नकार आहे, म्हणाला. मी ओरडलेच, "त्यांनाच विचारा ना!"

त्यांनी मान हलवली. हो.

नेलं त्यांना. कुशल बोलत नाहीये. मी हॉलमध्ये झोपतेय.

६ एप्रिल

नर्सचा फोन! ऑक्सिजन कमी केलाय. फुमिकोसाननी आलुबुखाराचं लोणचं मागितलं म्हणे! मी रडलेच. कुशल हसला. म्हणाला, "बरं केलंस गेलीस ते."

७ एप्रिल

सकाळी चहा केला. एक घोट घेऊन कुशल म्हणाला, "आज आलं घातलं नाहीस?"

घातलं होतं. भरपूर.