फळ्यावरचा नारू

गुरुजी, तुम्ही फळ्यावर काढलेला नारू मला अजून दिसतो. खडूचा लांबच लांब दोरा आणि तो जिथून निघतो ती माणसाची पोटरी. हा किडा माणसाला मारत नाही, तुम्ही सांगत होता, त्याच्या भोकातून आत शिरतात ते जंतू मारतात. म्हणून नारू ओढायचा नाही, काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. तुटला तर जखम आतून सडते. शेण तर मुळीच लावायचं नाही, त्यात धनुर्वाताचे जंतू असतात. आमची बौद्ध धर्माची दीक्षा तेव्हा नवी होती आणि आमच्या वस्तीतल्या मुलीला पहिल्या बाकावर बसवणारे तुम्ही एकटेच. तुमचा शब्द न् शब्द मी घरी नेला.

त्या साली आईच्या घोट्याला नारू निघाला. पायऱ्यांच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच तो कधी ना कधी निघायचा. शेजारणींशी भांडून मी शेणाचा लेप धुऊन काढला, उकळलेलं फडकं बांधलं आणि आगपेटीच्या काडीवर नारू गुंडाळू लागले. सगळं नीट चाललं होतं. मग पळसदरीला तुमच्या शेतावर लावणी आली आणि माणसं कमी पडली.

तुम्ही आमच्या ओट्यावर बसला आहात. "बघू गं पाय," म्हणता. आई पाय मागे घेते. "गुरुजी, तुमीच पोरीला सांगितलं ना, वढायचा नाय म्हनून." तुम्ही हसता. "अगं, ते शाळेतलं. उद्या उभी राहशील." आणि चिमटीत धरून ओढता. तो तुटला. मी पाहिलं, तुम्हीही पाहिलंत. माझ्याकडे न बघता म्हणालात, "शेण लाव त्यावर. तुम्हा लोकांना चालतं." मी आईचा हात धरला. ती म्हणाली, "सोड गं. गुरुजी सांगतात तर बरोबरच आसंल."

दुसऱ्या दिवसापासून ती तुमच्या चिखलात उभी राहिली. लावणी उरकायच्या आत तिची दातखीळ बसली. कर्जतच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

मी शाळेत परत आले, तर तुम्ही तोच नारू पुन्हा फळ्यावर काढलात. "परवाच एक बाई गेली," तुम्ही वर्गाला सांगितलंत, "शेण लावलं तिनं. कितीही सांगा, या लोकांना कळत नाही." पहिल्या बाकावर मी होते. लावणीच्या घाईत तुमचा हात चुकला, हे मी कधीतरी गिळलं असतं. पण तुम्ही तिच्या मरणाचा धडा केलात आणि त्यातून स्वतःला पुसून टाकलंत. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं नाही.

आता मी नर्स आहे. कुंभिवलीला विहिरीवर बायांना जमवते, दुहेरी फडक्यातून पाणी गाळायला शिकवते, नारू समजावते. तोंडातून तुमचीच वाक्यं निघतात. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून कबूल करते. परवा एकीनं विचारलं, "बाई, ह्ये तुमाला कुनी शिकवलं?" मी आईचं सांगणार होते. "आमच्या गुरुजींनी," म्हणाले, आणि माझ्या आवाजात अजून मान होता.